वंशावळीच्या दोन प्रती झाल्या आहेत, एकत्र कशा कराव्यात?

ओसरी
नमस्कार मंडळी.

बाबांनी आयुष्यभर जमवलेली आमच्या घराण्याची वंशावळ २०१३ साली मी त्यांच्या वहीतून ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. ते वाचून दाखवायचे, मी टाइप करायचे. जानेवारी २०१६ मध्ये ती फाइल बडोद्याच्या नानाकाकांना (बाबांचे चुलतभाऊ) मेलने पाठवली, कारण बडोदा-इंदूरकडच्या शाखा त्यांना जास्त माहीत. त्यांनी भर घालायची आणि परत पाठवायची असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. इकडे बाबा भर घालत राहिले, तिकडे काका. गेल्या वर्षी बाबा गेले. काका आता ८१ वर्षांचे आहेत. परवा फोनवर म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत एकच कर गं."

त्यांनी मधल्या काळात दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, त्यातून जेडकॉम फाइल (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची) काढून मला पाठवली. माझ्या प्रतीत ११४० माणसं, त्यांच्या प्रतीत १३०६. मी उत्साहाने त्यांची फाइल माझ्या झाडात इम्पोर्ट केली, तर २४४६ माणसं झाली. पणजोबा दोन, पणजी दोन, मूळपुरुषसुद्धा दोन! सुदैवाने आधी बॅकअप घेतला होता.

बाबांचं काहीही गळायला नको आणि काकांचंही. हे काम कुणी केलंय का? कुठून सुरुवात करू?

हापूस
दोन्ही मूळ फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, तारीख घालून, आणि तो पेनड्राइव्ह कपाटात ठेवा. पुढचं सगळं नंतर.

टंकक
सगळे दुप्पट का झाले ते आधी सांगतो, म्हणजे उपाय कळेल.

ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या फाइलीत प्रत्येक नोंदीला पडद्याआड एक खूण असते, तिला हँडल म्हणतात. ती शेवटपर्यंत तीच राहते. काकांनी ग्रॅम्प्सच वापरलं असतं तर त्या खुणांवरून कोण कोण हे जुळलं असतं. जेडकॉममध्ये ती खूण जात नाही. तिथे माणसांना आय-१, आय-२ असे क्रमांक असतात, पण ते त्या एका फाइलीपुरतेच. दुसऱ्या सॉफ्टवेअरने फाइल लिहिली की क्रमांक नव्याने पडू शकतात. तुमच्याकडचा आय-४५ आणि काकांकडचा आय-४५ ही वेगळी माणसं असतील, म्हणून क्रमांकांवर अजिबात विसंबू नका. (जेडकॉम १९८४ सालचं, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने केलेलं. २०२१च्या ७.० आवृत्तीत कायमच्या ओळखक्रमांकाची सोय आहे, पण जुन्या फायली जुन्याच.)

आता मुख्य मुद्दा. तुम्ही दोन फायली जुळवायला बसला आहात. मला वाटतं तुम्हाला तिसरी लागेल. २०१६ साली मेलने पाठवलेली फाइल सापडते का बघा.

कारण असं. समजा एक नाव तुमच्या प्रतीत आहे, काकांच्या प्रतीत नाही. बाबांनी ते नंतर घातलं, की काकांनी ते काढून टाकलं? दोन फायली कितीही वेळ शेजारी ठेवून बघा, याचं उत्तर मिळणार नाही. वाटा फुटल्या तेव्हाची प्रत हातात असली तर लगेच कळतं. तिच्यात नाव होतं, म्हणजे काकांनी काढलं. नव्हतं, म्हणजे बाबांनी घातलं. तारखांचंही तसंच. तीन रकाने करा: तेव्हा काय होतं, बाबांनी काय केलं, काकांनी काय केलं. एकाच बाजूने बदल असेल तर तो घ्यायचा. दोघांनी सारखाच बदल केला असेल तरी प्रश्न नाही. दोघांनी वेगवेगळा बदल केला असेल तिथेच डोकं लावायचं, आणि अशा जागा तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा खूप कमी निघतील.

सांजवात
टंकक, पटलं नाही. प्रोग्रामसाठी हे ठीक, माणसांसाठी नाही. मी सासरच्या कुलवृत्तांताच्या कामात सहा वर्षं होते. आम्ही एकेक घर धरून, फोन करून, हाताने जुळवलं. हजार-बाराशे माणसं म्हणजे रोज दहा धरली तर चार महिने. एवढे दिवस दिलेच पाहिजेत. यंत्राने जुळवलेल्या वंशावळीत चूक शिरली की ती छापील होऊन पुढच्या तीन पिढ्यांच्या डोक्यावर बसते.

टंकक
@सांजवात, हाताने करू नका असं म्हणत नाहीये. कुठे हात लावायचा ते आधी कळावं एवढंच. जे ६००-७०० लोक दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत, त्यांच्यावर डोळे कशाला शिणवायचे?

कडीपत्ता
वाचनखूण साठवली. आमच्याकडे तीन प्रती आहेत आणि तिन्ही प्रतींचे मालक बोलत नाहीत एकमेकांशी.

मोडीवाचक
एकाच नावाची माणसं, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका. आजोबांचं नाव नातवाला. त्यामुळे गणेश विष्णू, विष्णू गणेश, गणेश विष्णू अशी साखळी दीडशे वर्षं चालते. माझ्या हातून एकदा आजोबा आणि नातू एक झाले आणि तो माणूस स्वतःच्याच बापाचा बाप झाला. लक्षात येईपर्यंत त्यावर पंधरा दिवसांचं काम चढलं होतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: शंका असेल तर दोन माणसं दोनच राहू द्या. दुबार राहिलेलं नाव पुढे कधीही जोडता येतं. चुकून जोडलेली माणसं सोडवताना कुठली मुलं कुणाची, कुठली तारीख कुणाची हे काही केल्या आठवत नाही.

पण याच नावांच्या पद्धतीत उपायही आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं अशी चार नावांची माळ करा आणि ती माळ जुळवा. दोन नावांवर घोटाळा होतो, चार नावांवर क्वचित. आणि मूळपुरुषापासून खाली या. आई-बाप पक्के झाले की त्यांची पाच-सात मुलंच समोर उरतात, त्यांत चूक व्हायला जागा कमी.

नीराकाठ
+१ मोडीवाचक. ग्रॅम्प्समध्ये संभाव्य दुबार माणसं शोधायचं साधन आहे. त्यातला साउंडेक्सचा (सारख्या उच्चाराची नावं शोधायचा) पर्याय बंद ठेवा. तो इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवर बेतलेला आहे, देवनागरी नावांना उपयोग नाही.

आणखी एक, यात मी आठवडा घालवला होता: डोळ्यांना एकसारखी दिसणारी नावं संगणकाला वेगळी असू शकतात. 'ऱ्ह', 'ऱ्य' मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कुणी 'ऱ' या अक्षराने करतं, कुणी र खाली नुक्ता देऊन, कुणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. 'ॲ'चंही तेच. कीबोर्ड बदलला की नाव बदललं. दोन्ही फायलींत आधी हे सारखं करून घ्या. शिवाय कृष्णाजी-क्रिष्णाजी, यशवंत-यशवन्त, शेवटी सुटलेली मोकळी जागा. हे सगळं केल्यावर माझ्याकडचे 'फरक' निम्म्याच्या खाली आले होते.

शेवगा
बायकांचं काय? मुलींना चार नावांची माळ लावाल, पण लग्नानंतर?

माझी आजी माहेरच्या वंशावळीत एका नावाने आहे आणि सासरच्या वंशावळीत दुसऱ्या. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलेलं नाव. त्या एका मिनिटात तिचं पहिलं, मधलं आणि शेवटचं, तिन्ही नावं बदलली. संगणक तिला ओळखणार कसा? दोन शाखांत आपसात सोयरिक झाली असेल तर ती फाइलीत दोनदा असते, एकदा कुणाची तरी लेक म्हणून आणि एकदा कुणाची तरी सून म्हणून. आणि कुणालाच कळत नाही की ती एकच बाई आहे.

ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला हवी तितकी नावं देता येतात, जन्माचं नाव, लग्नानंतरचं नाव असा प्रकारही लिहिता येतो. जेडकॉममध्येही तशी सोय आहे. कृपा करून पाळण्यातलं नाव मुख्य ठेवा आणि सासरचं दुसरं. त्यातच जुळवण्याची सोय आहे. आणि तिचं ते पहिलं नाव आहे.

ओसरी
मेल सापडली! २०१६ची फाइल उघडतेय. ६१२ माणसं. टंकक, तुमचे उपकार.

शेवगा, तुमचा प्रतिसाद वाचून दोन्ही फायली पुन्हा उघडल्या. काकांच्या प्रतीत लेकी 'विवाहित' या शब्दापाशी थांबतात. बाबांनी लेकींची मुलं, नातवंडं सगळी घेतली आहेत, म्हणून तर मी आणि माझा मुलगा त्यात आहोत. दोन प्रतींतल्या नावांचा बराच फरक इथला दिसतोय.

दोन ठिकाणी मात्र अडले आहे.

एक, खापरपणजोबांचा मृत्यू. बाबांच्या प्रतीत १९१८, काकांच्या प्रतीत १९१७. काका म्हणतात त्यांच्या आजीच्या चोपडीत लिहिलेलं आहे, चूक असणं शक्य नाही. बाबा म्हणायचे तापाच्या साथीत गेले.

दोन, थोरल्या पातीचे एक आजोबा. बाबांच्या प्रतीत ते मधल्या भावाचे मुलगे, काकांच्या प्रतीत धाकट्या भावाचे. २०१६च्या प्रतीत ते नाहीतच, दोघांनी नंतर आपापले घातले. यावर काका जरा दुखावले. मी बाबांचीच बाजू घेते असं त्यांना वाटलं.

मोडीवाचक
काकांना विचारा, चोपडीत नेमकं काय लिहिलं आहे. अक्षरशः, शब्दाला शब्द. बडोदं म्हणजे संवत असणार.

ओसरी
विचारलं. 'संवत १९७४, आसो वद ११'. आणि बाबांच्या वहीत आज नीट बघितलं: 'शके १८४०, आश्विन व. ११'. दोघांनी इसवी सन आपापला काढलेला आहे.

मोडीवाचक
मग भांडण संपलं. दोन्ही तिथ्या एकच आहेत.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. आश्विन म्हणजे ७८च, म्हणून १९१८. गुजरातेतला विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबर संपेपर्यंत ५७ वजा करायचे, पण जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६. आसो म्हणजे आपला आश्विन, त्यांचा वर्षातला शेवटचा महिना. १९७४ मधून ५६ गेले, १९१८. काकांनी सवयीने ५७ वजा केले. चोपडी बरोबर आहे, वही बरोबर आहे, वजाबाकी तेवढी चुकली.

आणि बाबा म्हणायचे तेही जुळतं. आश्विन वद्य म्हणजे १९१८च्या ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट, सर्वांत जीवघेणी, मुंबई इलाख्यात त्याच दिवसांत होती.

ग्रॅम्प्सच्या दिनदर्शिकांत हिब्रू आहे, इस्लामी आहे, पर्शियन आहे, शके-संवत नाही. म्हणून इसवी सनाच्या शेजारी मूळ तिथीचे शब्द टिपणात जसेच्या तसे लिहा. दोन्ही.

शेवगा
किती छान! दिवाळीच्या तोंडावर गेले ते. दोन घरांनी दोन पंचांगांत शंभर वर्षं तोच दिवस जपून ठेवला.

सांजवात
दुसऱ्या अडचणीचं मी सांगते. दत्तक असणार. आमच्या कुलवृत्तांतात अशा सात जागा निघाल्या. निपुत्रिक भावाला दुसऱ्या भावाने मुलगा द्यायचा, हे सर्रास होतं. एक घर जन्मदात्याखाली लिहितं, दुसरं घेतलेल्या बापाखाली, आणि दोन्ही घरं खरं बोलत असतात. दत्तकपत्र, जमिनीचे फेरफार, काही सापडतं का बघा.

ते सापडलं तरी यातलं एक खोडू नका. दोन्ही आई-बाप ठेवायचे, नात्याचा प्रकार वेगळा लिहायचा, एकीकडे जन्म आणि एकीकडे दत्तक. ग्रॅम्प्समध्ये ते होतं. आम्ही छापताना एकच निवडलं, आणि ते घर दुसऱ्या दिवसापासून कामातून बाजूला झालं. अजूनही मला ते बोचतं.

नीराकाठ
जेडकॉममध्येही एका मुलाला दोन कुटुंबं जोडता येतात आणि प्रत्येकाशी नातं जन्माचं की दत्तक हे लिहिता येतं. मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचेलच असं नाही, काकांकडे पाठवल्यावर तपासून घ्या.

जुनीवही
थोडं अवांतर. सांजवात जे म्हणताहेत त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे: पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ला काम सुरू झालं, १९६६ला पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं समोर ठेवून वर स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटीपेत बाकीच्या पोथ्यांतले पाठ. नाकारलेला पाठही पानावर राहतो. पुढच्या अभ्यासकाला वाटलं तर तो निर्णय फिरवू शकतो.

वंशावळीत प्रत्येक नोंदीला स्रोत लावला की तेच होतं. 'बाबांची वही', 'आजीची चोपडी', 'नानाकाकांचं तोंडी'. काकांनाही मग वाटणार नाही की त्यांचं पुसलं. त्यांचं नाव त्या ओळीखाली असेल.

कडीपत्ता
आमची मूळ वही १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात गेली. शनिवार पेठेत तळमजला होता. आजोबांनी नंतर आठवणीतून पुन्हा लिहिली. तुमच्याकडे दोन दोन साक्षी आहेत, जपा.

हापूस
@कडीपत्ता, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेला होतात का? मी गेलो होतो. गावाचं आणि घराण्याचं नाव सांगितल्यावर गुरुजींनी वही काढली, त्यात माझ्या पणजोबांची स्वतःची सही होती. सोबत कोण कोण आलं होतं त्यांची नावं. घरातल्या कागदांत नसलेले दोन चुलत पणजोबा मला तिथे भेटले.

कडीपत्ता
नव्हतं माहीत. जाईन. धन्यवाद.

घाटमाथा
एक विनंती. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, फोन, पत्ते असलेली फाइल कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. तिथून ती कुठेही जाते. ग्रॅम्प्समधून बाहेर काढताना हयात माणसांचे तपशील वगळता येतात.

ओसरी
तीन आठवडे झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

तिन्ही फायलींतली माणसं रकान्यांत काढली, नीराकाठ यांनी सांगितलेली अक्षरं सारखी केली, मोडीवाचकांची चार नावांची माळ लावली. बाबांनी ५३१ माणसं वाढवली होती आणि ३ काढली होती. काकांनी ७०५ वाढवली आणि ११ काढली. वाढवलेल्यांपैकी २४८ दोघांनी स्वतंत्रपणे तीच घातली होती, बहुतेक अलीकडची लग्नं आणि बाळं. दोघांनी वेगवेगळा बदल केलेल्या जागा फक्त ३७. सांजवात, त्या ३७ जागा मी तुमच्या पद्धतीने केल्या, प्रत्येक घरी फोन करून. दत्तकाचं तुमचं अगदी बरोबर निघालं. काकांना फोनवर वाचून दाखवलं की दोन्ही आई-बाप ठेवले आहेत, तर म्हणाले, "असंच असतं गं तेव्हा."

काकांनी काढलेल्या ११ नावांबद्दल मात्र लिहायलाच हवं. चार दुबार होती, ती खरंच जायला हवी होती. त्यांतली तीन बाबांनीही काढली होती. उरलेली सात म्हणजे काकांच्या आईची, आमच्या माईआजीची, लहानपणीच गेलेली मुलं. दोघं गोवरात, एक बारा दिवसांचं, बाकीच्यांचं कारण लिहिलेलं नाही. काकांनी २०१७ साली माईआजीला दाखवायला मोठा तक्ता छापून घेतला होता. त्यात ही नावं तिला दिसू नयेत म्हणून काढली, आणि मग ती फाइल तशीच पुढे चालली. २०१६ची प्रत सापडली नसती तर मला वाटलं असतं की बाबांनी ही मुलं कुठून तरी आणून घातली.

माईआजी आता नाही. मी विचारलं, परत घालू का? काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाल. मीच त्यांच्यातला राहिलेला आहे."

सगळं जुळून १५९६ माणसं झाली. लेकींची मुलंबाळं दोन्ही शाखांची घेतली आहेत.

शेवगा
ती सात नावं वाचताना डोळ्यांत पाणी आलं. घातलीत ते फार चांगलं केलंत.

टंकक
१५९६ बरोबर बसतात. ६१२ मधून ४ गेले, ६०८. त्यात ५३१ आणि ७०५, वजा २४८. आता ग्रॅम्प्सचं माहिती पडताळायचं साधन एकदा चालवा. मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, नऊ वर्षांची आई, असलं काही राहिलं असेल तर वर येईल.

आणि इथून पुढे? काकांकडे तीच फाइल गेली की दोन वर्षांनी पुन्हा हेच. एकाच जागी ठेवून दोघांनी लिहायचं असेल तर ग्रॅम्प्स वेब आहे, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं लागतं, नाहीतर पैसे देऊन कुणाकडून चालवून घ्यावं लागतं.

ओसरी
काकांशी बोलले. फाइल एकच, माझ्याकडे. त्यांना मोठ्या अक्षरांत छापून शाखावार गठ्ठे पाठवलेत. ते लाल पेनाने दुरुस्ती करून फोटो पाठवतील, मी भरेन आणि स्रोतात त्यांचं नाव व तारीख लिहीन. पडताळणीत चार चुका निघाल्या, चारही माझ्या टायपिंगच्या.

गठ्ठा शनिवारी पोचला. रविवारी सकाळी साडेसहाला पहिला फोटो आला. माझ्या आईच्या नावावर लाल गोल, आणि शेजारी काकांच्या अक्षरात: 'वहिनींचं माहेरचं नाव कुठे आहे?'

दोन्ही प्रतींत नव्हतं. आई आतल्या खोलीत होती, जाऊन विचारलं. मग तिने तिच्या दोन्ही जावांचीही सांगितली.